पारड्यात भाची, पारड्यात मीठ

एखाद्या बाईच्या पदराला आंबट दुधाचा वास आला की "हिचं दूधच वाईट" असं तुम्ही कधी म्हटलं आहे का? खरं सांगा. आमच्या मिठागराच्या गावात सगळेच म्हणत. माझी आईही म्हणाली.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मजुरांच्या सभांतून ती आणत. त्यांवरच मी अक्षरं शिकले, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या भांडणातही मला भाषणच सुचायचं. भावाची पहिली मुलगी तेव्हा जेमतेम मान धरायला लागली होती. वयनीने पाजलं, झोळीत घातलं, झोका दिला की दूध ओठांतून बाहेर. आणि पोरगी लगेच खुदकन हसायची.

आई हसली नाही. "पोटात काय ठरत न्हाय पोरीच्या. हिचं दूध नासलंय. अंगावरचं सोडवा, बकरी आना."

वयनी चुलीकडे तोंड करून पदर पिळत बसली. मी उसळले. "आईचं दूध हा पोरीचा हक्क आहे! तो हिरावणारी तू कोण?"

"मी तुझी आय. आनि तो हक्क आताच माझ्या लुगड्यावर सांडलाय, तो धू आधी."

मी लुगडं धुतलं आणि वयनीला नि पोरीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी पोरीला खालीवर न्याहाळलं. म्हणाल्या, "इतक्या लहानपणी दूध वर येतंच. मोठी होईल तसं थांबेल. पाजल्यावर खांद्याशी उभी धरा, ढेकर निघू द्या, लगेच झोके देऊ नका. वजन वाढतंय ना, तेवढं बघा."

पण तालुका लांब, घरच्या घरी वजन करायचं कसं? आमच्याकडे मीठ तोलायचा तराजू होता, पण आई आडवी आली. "लेकराला तोलतात व्हय? नजर लागंल."

"मग देवळात नवसाच्या पोरांना नारळांनी तोलतात, ते चालतं?"

आईने तराजू खाली काढला. मग म्हणाली, "दुसऱ्या पारड्यात मीठ घाल. मिठाला कुनाची नजर लागत न्हाय."

एका पारड्यात पोरगी, दुसऱ्यात मीठ. काटा स्थिरावला तेव्हा ते मीठ आईने बरणीत भरलं, तोंडाला फडकं घट्ट बांधलं आणि बरणी स्वतःच्या उशाशी ठेवली. "तुझा भरवसा न्हाय. मूठभर काढून घेशील." ठरलं असं की पुढच्या उधाणाला, मिठागरात नवं पाणी घेतात त्या दिवशी, पुन्हा तोलायचं. पोरगी हलकी भरली तर बकरी येणार.

झोळी थांबली. पाजून झालं की आम्ही पाळीपाळीने पोरीला खांद्यावर घेऊन पडवीत फिरायचो. दूध कमी यायचं, पण यायचंच. प्रत्येक वेळी वयनी माझ्याकडे बघायची आणि मी भाषणाऐवजी ओलं फडकं हाती घ्यायचे.

उधाण आलं. आईने स्वतः फडकं सोडलं, मीठ पारड्यात ओतलं. पोरीचं पारडं खाली ते खालीच. आईने एक मूठ मीठ वाढवलं. पारडं हललं नाही. आणखी एक मूठ. वयनी पुढे सरकली. आई मुठी टाकत गेली आणि तिचे ओठ हळूहळू फाकत गेले. शेवटी काटा बरोबर झाला, तेवढ्यात पोरीने ढेकर दिली आणि आईच्या हातावर दूध सोडलं.

"टाक गो बाय, टाक!" आई खदखदून हसली. "टाकून टाकून इतकी जड, न टाकती तर तराजूच मोडला असता!" वयनी रडत रडतच हसायला लागली. वाढीव मिठाने आईने लगेच दोघींची दृष्ट काढली, पोरीची आणि वयनीचीही.

माझी विनंती आहे. तुमच्या घरात बाळ दूध टाकत असेल तर आधी त्याला तोला. वजन वाढत नसेल, दूध पिचकारीसारखं लांब उडत असेल, हिरवं किंवा रक्ताचं पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पण बाळ खेळतं, भरतं असेल तर त्याच्या आईला बोल लावू नका. बाळाला तुमच्या खांद्यावर घ्या, तिला गरम जेवायला वाढा, आणि तिचा तो ओला पदर आज तुम्ही धुऊन द्या.