भेडाघाटच्या होडीचे पैसे

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट उमगलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्या. तोंडानं हे सांगायला मी कधी धजले नाही. चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही.

आमच्या वस्तीत सुनेला तिच्या नावानं कोणी हाक मारत नसे. ज्या गावची लेक, त्या गावावरून तिला ओळखायचं. मी तुमसरवाली. माझ्या दोघी मैत्रिणी, एक कटंगीवाली आणि एक उकवावाली. कटंगीवाली विधवा, माझ्या आईच्या वयाची. उकवावाली माझ्या बरोबरीची, तिचा बाप मँगनीजच्या खाणीत होता आणि तिच्या शिव्याही खाणीतल्याच होत्या. आम्ही तिघी माझ्या ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायचो.

बिड्या घेणारा सट्टेदार माझा भासरा होता, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. कारखान्याची पानं आणि जर्दा आणून तो बायांना वाटायचा, बिड्या मोजून घ्यायचा आणि शनिवारी मजुरी द्यायचा. त्याची बायको वारली होती. वस्तीत मनगटी घड्याळ त्याच्या एकट्याकडे होतं. दोन घरं सोडून त्याची बिड्यांची खोली होती.

भासऱ्यासमोर सुनेनं तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, त्याच्या सावलीलाही लागायचं नाही. चुकून स्पर्श झाला तर दोघांनी अंघोळ करायची, दिवसभर उपास करायचा. आम्ही दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, पण हा पदर काही सुटला नाही. त्यामुळे माझी मजुरी भासरा माझ्या हातात देऊच शकत नव्हता. ती नवऱ्याच्या हातात जायची. नवरा तांदळाच्या मिलमध्ये हमाल होता. शनिवारी तो पिऊन यायचा आणि शनिवारी मला मार असायचा. तो मार मी पाऊसपाण्यासारखा धरून चालले होते.

भेडाघाटची गोष्ट भासऱ्यानंच काढली. पानांच्या कामासाठी तो छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीनं जबलपूरला जायचा. एकदा बिड्या मोजता मोजता कटंगीवालीला म्हणाला, "बाई, पांढऱ्या दगडाचे पहाड हायेत दोन्ही बाजूनं, मधून नर्मदा. डोंग्यात बसून जायचं. संगमरमर आहे, संगमरमर."

"आमाले काहून सांगून राह्यला? आम्ही का राणी हाओत?"

"अरे, सस्त्यात होते. पोळ्याच्या आत पैसे भरले तर डोंगेवाला आठ बायांचा अख्खा डोंगा अर्ध्या भावात देते. दसऱ्याच्या नंतर पुनवेची गर्दी. तवा दुप्पट."

आम्ही आठजणी जमलो. दसऱ्यानंतरच्या पुनवेला जायचं ठरलं. रेल्वेचं भाडं आणि होडी मिळून प्रत्येकीचे अठरा रुपये. पण रोख कुठून आणायचे? प्रत्येकीच्या घरी मजुरी पुरुषाच्या हातात. तेव्हा भासऱ्यानंच तोड काढली. ठरलेल्या बिड्यांवर रोज चार कट्टे, म्हणजे चार जुड्या, जास्त वळायचे आणि त्याला वेगळे द्यायचे. ते मजुरीत धरायचे नाहीत, त्यांचे पैसे तो परस्पर होडीवाल्याला भरेल.

"घरी कोणाले पत्ता नाही लागणार," तो म्हणाला.

आम्हाला ते फार आवडलं. घरचे पैसे मोजायचे, बिड्या कोणी मोजत नव्हतं.

आखाजीपासून पोळ्यापर्यंत आम्ही ते कट्टे दिले. माझ्या अंगठ्याचं कातडं पानं कापायच्या कैचीनं सोलून निघालं. उकवावाली वळता वळता होडी हालल्यासारखी डुलायची आणि म्हणायची, "तुमसरवाली, तू मधात बस वो. तू पडली तं ओरडणार बी नाही, चूपचाप मरशील."

मी हसायचे. वैनगंगा ओलांडायला नावेत बसणं वेगळं. त्या वेळी डोक्यावर ओझं असतं. नुसतं बघण्यासाठी पाण्यावर बसायचं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला ते हवं होतं. मी आयुष्यात दुसरं काही इतकं मागितलं नाही.

पोळ्याच्या सुमारास नवऱ्याला संशय आला. मी दिवा लागेपर्यंत वळते आणि मजुरी तेवढीच कशी? त्यानं विचारलं.  त्यानं मांडीवरचं सूप उचलून माझ्या डोक्यावर फोडलं, जर्दा डोळ्यांत गेला. मला दिसेना. मग त्यानं कैची फेकली. ती पोटरीत रुतून उभी राहिली. मी ती स्वतः ओढून काढली. तरी मी सांगितलं नाही. बाहेर भासरा उभा होता. तो खोकला आणि निघून गेला. त्या बिड्यांचं काय झालं ते त्या क्षणी एकट्या त्याला माहीत होतं.

दसरा झाला. पुनवेला चार दिवस उरले तरी गाडी कोणती, निघायचं केव्हा, काही कळेना. शनिवारी आठहीजणी बिड्यांच्या खोलीपुढे गेलो. मी पदर हनुवटीपर्यंत ओढून मागे उभी होते.

कटंगीवालीनं विचारलं, "भाऊ, सोमवारी जाणं हाये का मंगळवारी?"

"कुठी?"

"भेडाघाटले."

भासरा हसला. "बाई, डोकं फिरलं काय? कोणते पैसे? तुमच्या बिड्यांत इतकी छाट निघते, ते कट्टे तं छाट भरून काढण्यातच गेले."

छाट म्हणजे कारखान्यानं टाकून दिलेल्या खराब बिड्या. आमच्या बिड्यांत छाट किती थोडी निघते ते वस्तीला ठाऊक होतं. कटंगीवालीच्या हातच्या बिड्या तर तो कारखान्यात नमुना म्हणून दाखवायचा.

"चार महिन्यांची छाट?"

"सबूत दाखव. पैसे दिले का मले? कोणाच्या समोर दिले?"

सबूत कुठून येणार? कोणाला कळू नये म्हणून तर बिड्या दिल्या होत्या. उकवावाली गर्रकन वळली ती माझ्याकडे. "तुह्या घरच्यानं खाल्ले. तुले माहीत होतं? बोल ना वो! आता तरी तोंड उघड!" आणि ती माझ्या पायाशी थुंकली. बाकीच्या बाया माझ्यापासून दोन पावलं सरकल्या.

कटंगीवाली ओट्यावर चढली. "भाऊ, आठ बायांच्या मेहनतीचे एकशे चव्वेचाळीस रुपये. ते ठेवल्याशिवाय मी हलत नाही." भासऱ्यानं तिच्या छातीवर हात ठेवून तिला ढकललं. ती उलटी ओट्यावरून खाली दगडांवर पडली. हाताचं हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. तोंडातून रक्त आलं. ती उठायला गेली, तर त्यानं तिच्या पाठीत लाथ घातली आणि पुन्हा पाय उचलला.

मी काय केलं ते मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. मला एवढंच आठवतं की त्याचं मनगट माझ्या हातात होतं आणि ते गरम होतं. मी ते सोडलं नाही. नखं रुतवली. माझा पदर खांद्यावर आला होता आणि तो माझं तोंड बघत होता. लग्नानंतर पहिल्यांदा.

 पुरुष बिड्या ओढत बसले होते ते उभे राहिले.

"हात लावला!" भासरा किंचाळला. "भावाच्या बायकोनं हात लावला! पाणी आना!" माझा हात झिडकारून तो भिंतीला पाठ लावून सरकत आत गेला, साप बघितल्यासारखा.

एवढा मोठा माणूस. बाईच्या पाठीत लाथ घालताना त्याला काही वाटलं नाही आणि माझ्या बोटांना तो भ्याला.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं मला मारलं तसं पुन्हा कधी मारलं नाही, कारण पुन्हा तेवढं मारण्याजोगं काही उरलं नसतं. चुलीतलं लाकूड घेतलं होतं. दोन बरगड्या मोडल्या, एका कानानं मला आजही कमी ऐकू येतं. "मले गावात तोंड दाखवाले जागा ठेवली नाही," तो म्हणत होता आणि मारत होता. तो थांबला कारण उकवावाली मुसळ घेऊन आत आली. तिनं त्याच्या गुडघ्यावर घाव घातला. तो खाली बसला. दुसरा खांद्यावर घातला.

"आणखी हवा काय रे भडव्या? माह्या हातात ताकत हाये अजून."

मग ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि पदरानं माझं तोंड पुसू लागली. माफी मागितली नाही. म्हणाली, "कटंगीवालीचा हात बांधला हाडवैद्यानं. शिव्या देऊन राह्यली, म्हणजे जगते."

सकाळी मला चालवत नव्हतं. भिंत धरत धरत मी भासऱ्याच्या बिड्यांच्या खोलीपर्यंत गेले आणि दारात, उंबरठ्यावर बसले. चौकटीच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला पाय.   भासरा किल्ल्या घेऊन आला आणि पाच हातांवर उभा राहिला. आत जायचं तर मला ओलांडायला हवं. ओलांडताना पाय लागला असता.

"हटवा हिले," तो म्हणाला. कोणी पुढे आलं नाही. परक्याच्या बाईला हात कोण लावणार? त्यानं नवऱ्याला बोलावलं. नवरा लंगडत आला, त्यानं माझे केस मुठीत धरले आणि गल्लीभर फरफटत घरी नेलं. तो मिलवर गेला, मी पुन्हा जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही फरफटत नेलं. तिसऱ्या दिवशी खोलीच्या दारात, माझ्यापुढे, उकवावाली मुसळ घेऊन उभी होती आणि तिच्यामागे बाकीच्या. कटंगीवाली गळ्यात हात बांधून आली होती. नवऱ्यानं मुसळाकडे बघितलं, स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं, आणि मिलवर निघून गेला.

त्या दिवसापासून रात्रीही मी उंबरठ्यावरच निजले. वस्तीतल्या बायांनी नवी पानं घेतली नाहीत. शुक्रवारी भासऱ्यानं मला धमकी दिली. अर्थात मला नाही, कटंगीवालीला उद्देशून. "सांग तिले, पोलीस आणतो."

"आण," ती म्हणाली. "माहा हात दाखवतो मी त्यायले. दात बी दाखवतो, एक ठेवलाय बांधून."

शनिवारी कारखान्याची बैलगाडी बिड्या न्यायला आली. मागल्या आठवड्यात मोजून घेतलेला सगळा माल आत, आणि मी दारात. गाडीवान म्हणाला, "क्या तमाशा है, सेठ को जाकर बोलूँ?" भासरा दोन पावलं पुढे आला आणि थांबला. आज माल गेला नसता तर सट्टा, म्हणजे कारखान्याचा ठेका, दुसऱ्याकडे गेला असता. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता.

खिशातून त्यानं नोटा काढल्या आणि लांबून जमिनीवर टाकल्या. कटंगीवालीनं एका हातानं उचलून मोजल्या. "ऐंशी," ती म्हणाली. मी हलले नाही. बरगड्यांत कळ येत होती, श्वास अर्धाच घेता येत होता. तो शिव्या देत गेला. गाडीवान बैलांना पाणी दाखवून आला. भासरा परतला तेव्हा त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. माझ्या नखांचे चट्टे दिसत होते. त्यानं बाकीचे टाकले, नोटा आणि मूठभर चिल्लर. काही नाणी माझ्या पायावर आली, ती मीच वेचून दिली.

कटंगीवालीनं दोनदा मोजले. मग तिथंच, गल्लीत, आठ जागी अठरा-अठरा रुपये ठेवले. पुनव बुधवारीच होऊन गेली होती.

"पुरे," ती म्हणाली. "एक पैसा बाकी नाही. ऊठ आता, तुमसरवाली."

उकवावालीनं काखेत हात घालून मला उचललं, आणि मी उंबरठा सोडला.