भिजवल्याशिवाय कात्री नाही

त्या दिवशी दुकानात आधी एक मिशी आली. तिच्यामागून पोट आलं, ते दारात थोडं अडलं, आणि पोटाचा मालक आत पोचेपर्यंत ताईचा अर्धा सदरा शिवून झाला असता. माणूस कसला, डोंगरच! तो खुर्चीत बसला तेव्हा खुर्चीने जी किंकाळी फोडली, ती ऐकून आतल्या खोलीतली अर्धी बहिरी आत्यासुद्धा ओरडली, "कोण पडलं गं?"

पाहुण्याचं लक्ष मात्र वर दोरीकडे. दोरीवर पँटचं कापड वाळत होतं आणि टपटप त्याच्या टकलावर गळत होतं.

"टेरिकॉट भिजवलंय? ते कुठे आटतं?"

"भिजवतो आम्ही. वडिलांची पद्धत," ताई म्हणाली.

"म्हणजे तोच! आमचा जावई तक्रार करत होता, इकडे एक वेडा शिंपी टेरिकॉटसुद्धा भिजवतो म्हणून. मी म्हटलं, कापडाला एवढा घाबरणारा जगात एकच. आमच्या पलटणीचा शिंपी. कुठे आहे तो?"

"गेल्या वर्षी गेले," ताई म्हणाली. तिची सुई हातातच राहिली.

ताईच्या वडिलांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. हात सोन्याचा, पण खोडी दोन. कुठलंही कापड बादलीत बुडवून वाळवल्याशिवाय कात्री लावायची नाही. लग्न तोंडावर आलेला नवरदेव रडकुंडीला आला, तरी बादली म्हणजे बादली. आणि गणवेश शिवायचा नाही. बँडवाले, शाळावाले, पोस्टमन, सगळे हात हलवत परत. मास्तर लढाईत होते एवढंच घरात ठाऊक. तिथे काय केलंत, असं विचारलं की ते घाईघाईने तोंडात टाचण्या धरायचे. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला पुढे काय विचारणार?

मास्तर गेले आणि आत्याचं तोंड सुटलं. "तुझा बाप लढाईत कोठडीत होता. शत्रूच्या नव्हे, आपल्याच! फितुरीचा आळ होता. पुढचं मला विचारू नकोस." पुढचं तिला माहीतच नव्हतं. तेव्हापासून, दुकानात लावायला म्हणून मोठा करून आणलेला मास्तरांचा फोटो कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा होता. फितुराचा लावायचा कसा, आणि बापाचा लावायचा नाही कसा? ताई रिकाम्या खिळ्याकडे बघायची आणि मशीन दामटायची.

आणि आता त्याच पलटणीतला म्हातारा समोर बसला होता. ताईने विचारूनच टाकलं, "काका, खरं सांगा. माझ्या वडिलांमुळे कोणी मेलं का हो?"

"मेलं? अगं पोरी, त्याच्यामुळे आम्हाला मरता आलं नाही!"

मग त्याने सांगितलं. पलटणीला नव्या पँटी हव्या होत्या, तातडीने. साहेब डोक्यावर उभा. मास्तरांनी कोरं खाकी कापड न भिजवताच कापलं आणि सगळ्यांना अगदी मापात पँटी शिवून दिल्या. टेकडीवर हल्ला करायला पलटण निघाली. वाटेत नदी, छातीपर्यंत पाणी. पलीकडे कडक ऊन.

"अंगावरच वाळल्या गं! घोट्याच्या पँटी पोटऱ्यांवर आल्या. वर तर विचारूच नकोस. बसलेला उठेना, उठलेल्याला बसवेना. साहेब ओरडायला म्हणून वाकला आणि मागून असा टर्रकन आवाज आला, की आम्हाला वाटलं गोळीबार सुरू झाला!"

ताईने तोंडावर पदर घेतला.

"साहेब चिडला. म्हणाला, हा शत्रूला सामील आहे. मास्तरला कोंडलं. आम्ही बदकासारखे चालत टेकडीखाली पोचतोय, तर लढाई थांबल्याचा निरोप. आमच्यातला एक गेला नाही. टेकडीवरचाही नाही. मग मास्तरलाही सोडून दिलं. पण तो कोणाशी बोलेना, तसाच निघून गेला." म्हाताऱ्याने टकलावरचं पाणी पुसलं, मग डोळेही पुसले. "आभार मानायचे राहिले होते बघ."

आत्या पडद्याआडून डोकावत होती. "काय म्हणतोय हा? फितूर नव्हता?"

"नाही गं आत्या!" ताई हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. "घाईत होता!"

"मग एवढी वर्षं तोंड शिवून का बसला होता मेला?"

"शिंपी ना तो," म्हातारा म्हणाला. "खून पचवला असता त्याने. बिघडलेली पँट कशी पचवणार?"

ताईने कपाट सरकवलं, फोटो काढला, पदराने पुसला. खिळा होता बादलीच्या वर, दोरीच्या खाली. म्हाताऱ्याने उठून स्वतःच्या हाताने फोटो लावला, टाचा जुळवून सलाम केला, आणि एका पँटचं माप देऊन गेला. त्या रात्री ताईला किती तरी दिवसांनी शांत झोप लागली.

दोरीवरचं पाणी गळून गळून पुढच्या वर्षी फोटोला बुरशी आली, आणि तो काढावा लागला.