सोळा पॉवरची दुर्बीण

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा काडीइतकाही विश्वास नव्हता. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. अमावास्येला प्रयोगशाळेचं कुलूप काढायला आमचा शिपाई कां-कूं करायचा, म्हणून मी मुद्दाम अमावास्येलाच तिथे जादा तास घेत असे. या सदरातले लोकांचे अनुभव वाचून मी हसलेही आहे. आज स्वतःच लिहायला बसले आहे, पण भीती वाटते म्हणून नव्हे... दहा वर्षं झाली तरी राग जात नाही म्हणून.

गोष्ट अठ्ठावन्न-एकोणसाठच्या हिवाळ्यातली. आमच्या शाळेची सहल नरनाळ्याच्या किल्ल्यावर न्यायची ठरली. अमरावतीहून मोटारीने अंजनगाव, तिथून अकोट, मग पायथ्याचं शहानूर गाव. संध्याकाळी किल्ल्यावरच्या तळ्यावर सांबरं पाण्याला येतात, ती मुलींना लांबून दाखवायची माझी फार इच्छा होती. त्यासाठी शाळेने एक दुर्बीण घ्यावी असा अर्ज मी केला आणि नवल म्हणजे तो मंजूर झाला. फक्त खरेदीला संस्थेचे सेक्रेटरी सोबत येणार होते. सेक्रेटरी वकील होते. नाव लिहीत नाही, त्यांची मंडळी अजून गावात आहेत.

राजापेठेत रहमतभाईंचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्याकडे तेव्हा दोन दुर्बिणी होत्या. एक लष्करातून मोडीत निघालेली, सात पॉवरची, पुढची भिंगं पन्नास मिलिमीटरची. कातडी घासलेली, पण भिंगं स्वच्छ. दुसरी नवी, चकचकीत, मुठीत मावणारी, सोळा पॉवरची, भिंगं मात्र जेमतेम पंचवीसची. संध्याकाळच्या कामाला यातली कुठली, हे ओळखणं अगदी सोपं आहे. दुर्बीण उजेडाकडे करून हातभर लांब धरायची आणि डोळ्याकडच्या काचेत बघायचं. तिथे उजेडाचा एक गोल ठिपका दिसतो. जेवढा ठिपका तेवढाच उजेड डोळ्यात जाणार. जुनीचा ठिपका वाटाण्याएवढा होता आणि नवीचा मोहरीएवढा.

हे सगळं मी वकीलसाहेबांना दुकानातच समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, सोळा मोठे की सात?"

मग भर दुपारी दोन वाजता दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी नव्या दुर्बिणीतून रस्त्यापलीकडची पाटी वाचून दाखवली. रहमतभाई भला माणूस. खरं तर नवी विकण्यात त्यांचा जास्त फायदा होता. तरी ते म्हणाले, "वकीलसाब, दोपारच्याले सगळ्याच दुर्बिनी चांगल्या दिसतात. दिवेलागणीले या, तवा पाहा, मंग घ्या." पण दिवेलागणीला वकीलसाहेबांकडे पक्षकार यायचे. शिवाय मुलींच्या शाळेत लष्करातलं घासलेलं धूड शोभत नाही, असं त्यांचं मत पडलं. सोळावाली घेतली. विज्ञानाची पदवी माझी, वापरणार मी, आणि निवड त्यांची!

डिसेंबरात आम्ही निघालो. तीस मुली, मी आणि शिवणाच्या मालतीबाई. शहानूरहून सोनाजी नावाचा गुराखी वाट दाखवायला सोबत घेतला. त्याचा जन्म त्याच डोंगरात गेला होता. दिवसभर किल्ला पाहिला, भाकरी खाल्ल्या, गाणी झाली. सूर्य टेकल्यावर एका पडक्या महालाच्या गच्चीवर आम्ही तळ्याकडे तोंड करून बसलो. सांबरं आली. नुसत्या डोळ्यांना त्यांचे करडे आकार कळत होते. मी दुर्बीण काढली, आणि तिच्यात काळोख. मुली रांगेने येत, डोळा लावत आणि "हो बाई, छान बाई" म्हणत पुढे सरकत. खोटं बोलली नाही ती एकटी सुशी. ही अंजनगाव सुर्जीची, वसतिगृहात राहणारी, आठवीतली. एक घाव दोन तुकडे करणारी मुलगी. ती म्हणाली, "बाई, यातून तं काईच दिसून नाई राह्यलं. यापरीस नुसत्या डोळ्यानं बरं दिसते."

मी तिला गप्प बस म्हटलं. म्हणजे राग वकिलांचा आणि काढला तिच्यावर. ती गच्चीवरून उतरली. मला वाटलं, खाली जाऊन बसली असेल. इकडे मी ते खेळणं फिरवत, पुसत, पुन्हा फिरवत आणखी दहा मिनिटं घालवली. निघताना मुली मोजल्या तर एकोणतीस.

हाका मारल्या. पडक्या भिंतींवरून आपलेच आवाज परत येत होते. अंधार भरभर पडत होता आणि त्या रानात बिबट्याचा वावर होता, हे सोनाजीने सकाळीच सांगितलं होतं. मालतीबाईंना मी बाकीच्या मुली घेऊन उजेड आहे तोवर पायथ्याला जायला सांगितलं, वाट सरळ होती. वर मी आणि सोनाजी. त्याच्याकडे एक कंदील. कुठल्या बाजूला जायचं हेच कळत नव्हतं, कारण उताराला तिन्ही बाजूंनी पाऊलवाटा फुटत होत्या. चुकीची वाट धरली तर रात्र तिथेच होणार होती. तिच्या आईबापांना काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुर्बीण मी पुन्हा का उचलली, सांगता येत नाही. तिचा उपयोग नाही हे मला पुरतं माहीत होतं. समोर बघितलं, काजळी. उजवीकडे काजळी. डावीकडे वळवली... आणि आत ऊन पडलं होतं.

दुपारी चारचं पिवळं ऊन. एक चौकोनी दगडी हौद, त्याच्या काठाला कोसळलेली कमान, कमानीच्या सांदीत उगवलेलं उंबर. पायरीवर सुशी बसलेली, एक पाय लांब केलेला, पायाला लाल रिबीन गुंडाळलेली. आणि तिच्या मागे एक म्हातारी बाई, गडद लुगडं नेसलेली. ती सुशीची वेणी घालत होती, अगदी सावकाश. मी डोळा काढला. समोर अंधार, सोनाजीचा कंदील, गार वारा. पुन्हा लावला. तेच ऊन, तीच वेणी. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मात्र काजळी.

सोनाजीला मी हौद, कमान, उंबर एवढंच सांगितलं. म्हातारीचं नाव काढलं नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "असा एकच हौद हाय बाई. पन तो इथून दिसतच नाई, मधात पुरी टेकडी हाय. तुमी कवा गेल्ता तिकडं?"

मी कधीच गेले नव्हते. टेकडी ओलांडत, अंधारात चाचपडत आम्ही पाऊण तास चाललो. हौद होता. कमान होती, उंबरही होतं. पायरीवर सुशी बसली होती आणि तिच्या पायाला रिबीन होती. सांबरं जवळून बघायला म्हणून निघाली, वाट चुकली, घसरून पाय मुरगळला. रडतही नव्हती. मी आजूबाजूला कंदील फिरवला. कोणी नव्हतं.

"तुझ्याजवळ कोण होतं गं?" मी विचारलं.

"कोनीच नाई बाई. मी एकलीच होती. मले वाटलं, तुमी येसानच."

तिची एक वेणी सुटून केस पसरले होते. दुसरी वेणी घट्ट, नीट, चार पेडांची होती. आमच्या शाळेत सगळ्या मुली तीन पेडांच्या घालतात. चार पेडांची वेणी स्वतःची स्वतःला सहजी घालता येत नाही आणि सुशीला तर ती येतच नव्हती. मी तिचा हात धरून त्या वेणीवर ठेवला. तिने पेड चाचपले, मोजले, आणि मग ती रडायला लागली.

सोनाजीने तिला पाठुंगळीला घेतलं. बिबट्याचे ताजे ठसे हौदाच्या ओल्या मातीत उमटलेले होते, ते त्याने मला कंदिलाच्या उजेडात दाखवले. सुशीला दाखवले नाहीत.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बाई, मुलगी सुखरूप मिळाली, मग राग कसला? सांगते.

खाली सोनाजीकडून ऐकून मालतीबाईंनी सगळ्यांना सांगितलं की बाईंनी दुर्बिणीतून पाहून सुशी शोधली. अमरावतीला पोचेपर्यंत ते अख्ख्या शाळेला माहीत झालं. आठ दिवसांत संस्थेची सभा भरली. वकीलसाहेबांनी ठराव लिहूनच आणला होता: संस्थेने दूरदृष्टीने खरेदी केलेल्या उत्तम दुर्बिणीमुळे एका विद्यार्थिनीचे प्राण वाचले, सबब ही दुर्बीण पुढील प्रत्येक सहलीस सोबत द्यावी. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली. ज्या खेळण्यापायी मुलगी हरवली, त्याच्याच गळ्यात हार! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे चोराचाच सत्कार चालला होता.

मी सही करायला नकार दिला. म्हटलं, आत्ता दिवेलागण आहे, सगळे गच्चीवर चला आणि यातून पाहून दाखवा. अध्यक्ष बिचारे म्हातारे, तरी जिने चढून वर आले. एकेकाने डोळा लावला. समोरच्या घराची खिडकीसुद्धा कोणाला दिसेना. वकीलसाहेब म्हणाले, आज हवा धुरकट आहे. मी म्हटलं, रहमतभाईंकडची जुनी आणा, याच हवेत पाहू.

मग अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "बाई, यातून दिसत नाही हे मान्य. मग तुम्हाला ती मुलगी दिसली कशी?"

मला सोपं होतं. "दुर्बिणीतूनच दिसली" म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते. पुढच्या वर्षी मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती आणि ती मला मिळणार असं सगळेच धरून चालले होते. पण मग तेच खेळणं गळ्यात अडकवून कोणी तरी पुन्हा तीस मुली रानात नेल्या असत्या, आणि संध्याकाळी त्याच्या भरवशावर राहिलं असतं. म्हणून मी खरं ते सांगितलं. ऊन, हौद, म्हातारी, चार पेडांची वेणी, मधली टेकडी, सगळं. शेवटी म्हटलं, "कशी दिसली ते मला माहीत नाही." विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे वाक्य बोलायला किती जड जातं, ते बोलल्याशिवाय कळत नाही.

वकीलसाहेब मोठ्याने हसले. ठराव माझ्या सहीवाचून पास झाला. बाईंना विश्रांतीची गरज आहे, असंही ठरलं. सहली माझ्याकडून काढून घेतल्या. मुख्याध्यापिका दुसऱ्याच बाई झाल्या.

पुढच्या हिवाळ्यात रहमतभाईंकडून ती जुनी दुर्बीण चार दिवसांसाठी मागून घेतली आणि सोनाजीला घेऊन मी पुन्हा त्याच गच्चीवर गेले. तीच वेळ साधली. सात पॉवर, पन्नासची भिंगं. तळं दिसलं, सांबरं दिसली, पिलाचे कान हलताना दिसले. डावीकडे वळवली तर टेकडी. झुडूपन् झुडूप स्पष्ट, पण टेकडीच. हौदावरही जाऊन आले. सोनाजीच्या वडिलांनाही विचारलं. त्या जागेबद्दल गावात कसलीही गोष्ट सांगत नाहीत, कोणी म्हातारी तिथे मेली नाही, राहिलीही नाही.

मला त्या बाईचाही राग येतो, लिहायला संकोच कशाला? तिने माझी सुशी सांभाळली, तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण दाखवायचंच होतं तर माझ्या नुसत्या डोळ्यांना दाखवायचं होतं. त्या वकिलाच्या खेळण्यातून कशाला?

गेल्या महिन्यात शाळेची सहल पुन्हा डोंगरात निघाली, चिखलदऱ्याला. भूगोलाच्या नव्या बाई नेणार होत्या, हुशार पोरगी आहे. मोटार फाटकाशी उभी, चाळीस मुली आत, आणि बाईंच्या गळ्यात ती सोळा पॉवरची. मी मुद्दाम जाऊन त्यांना सांगितलं, अंधार पडायच्या आत मुली खाली आणा, दर तासाला मोजा, या दुर्बिणीच्या भरवशावर राहू नका, संध्याकाळी हिच्यातून काहीही दिसत नाही.

त्यांनी अगदी आदराने ऐकून घेतलं. मग हसून म्हणाल्या, "पण बाई, तुम्हाला तर दिसली होती ना?"

मोटार सुटली. मी फाटकापाशी उभी होते. खिडक्यांतली डोकी मोजत होते.