बुटकोबाची उंच गाडी

काचवाल्याला लोक तोंडावर शेठ म्हणत आणि पाठीमागे बुटकोबा. बांधा तसा आटोपशीरच होता. दुकानात तो उभा असला तरी गिऱ्हाइकाला तो बसलाय असं वाटे. चाळिशीनंतर माणूस वाढत नाही, हे त्याने मोठ्या मनाने मान्य केलं होतं. पण माणूस ज्यावर बसतो ते वाढवता येतं, हा शोध त्याला सिग्नलला लागला. शेजारी एक पिकअप येऊन थांबली. उंच, जाडजूड चाकांची. तिच्या चालकाने वरून बुटकोबाकडे पाहिलं, दारातल्या मांजराकडे पाहावं तसं. बुटकोबाला ते जिव्हारी लागलं.

बुटकोबाची स्वतःची पिकअप वडिलांच्या हातची. म्हाताऱ्याने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, आणि तीही तेलपाण्याखेरीज काही मागत नसे. दुकानापुढचा ओटा त्यांनी तिच्या हौद्याची उंची मोजूनच बांधला होता. गाडी मागे घ्यायची, हौद्याचा मागचा फाळका पाडायचा, की तो ओट्याला टेके आणि उभी काच गोणपाटावरून सरळ हौद्यात सरके. काच उचलावी लागली म्हणजे डोकं घरी विसरलो, असं त्यांचं मत होतं.

गाडी उंच करायची म्हटल्यावर गॅरेजच्या मिस्त्रीने आधी थोडे आढेवेढे घेतले. तेवढं तो प्रत्येकासाठी करतो.

"मागे पाट्यांखाली ठोकळे घालतो, पुढूनही उचलतो, चाकं मोठी टाकतो," तो म्हणाला. "पण शेठ, सगळे सांधे तिरके बसणार. क्रॉस, बॉल जॉइंट, बेअरिंग, सगळं लवकर झिजेल. दिसेल झकास, पण आयुष्य कमी होणार."

"उंचांना थोडा त्रास असतोच," बुटकोबा म्हणाला, जणू हे अनुभवाचे बोल होते.

गाडी उंच झाली. बुटकोबा वर बसून शहर पाहू लागला. लोकांची टकलं दिसू लागली, त्यातली दोन-तीन ओळखीची निघाली. स्वारी खूश होती. दुकानाशी येऊन त्याने सवयीने फाळका पाडला, तर तो ओट्याच्या वर हातभर तरंगत राहिला.

बायकोने कमरेवर हात ठेवून पाहिलं. "अहो, आता ओटाही मिस्त्रीकडून उचलून आणा."

तेव्हापासून दोघं नवरा-बायको प्रत्येक काच उचलू लागली. बायको तोंडाने काही बोलत नसे. नुसती कंबर चोळत त्याच्यासमोरून जाई, आणि तेवढं पुरे होई.

खरी पंचाईत वडिलांची झाली. आई गेल्यापासून ते रोज काच पोचवायला बरोबर येत. खिडकीपाशी बसायचं, रस्त्यावरच्या यच्चयावत चालकांना शिव्या घालायच्या, गिऱ्हाइकाकडचा चहा प्यायचा. तेवढाच त्यांचा दिवस. आता त्यांना चढायला प्लास्टिकचं स्टूल लागे. भर चौकात, चार माणसं पाहत असताना, त्या रुबाबदार गाडीतून आधी स्टूल उतरे आणि मग वडील. बुटकोबाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एके सकाळी वडील म्हणाले, "आज नको रे. पाय भरून आलेत."

"बरं, आराम करा," बुटकोबा म्हणाला, आणि त्याला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलंच नाही. स्टूल न्हाणीघरात गेलं.

गाडीने मात्र रजा घेतली नाही, तक्रारी सुरू केल्या. पुढची चाकं आतून खाल्ली गेली, स्टिअरिंग सैल पडलं, वळणावर हौदा असा झुले की आरसेसुद्धा डोळे मिटून घेतील. मग खालून टकटक सुरू झाली. वडील ओट्यावर बसून ती ऐकत आणि मान हलवत. बुटकोबा रेडिओचा आवाज वाढवत असे.

एका दुपारी जेवण उरकून तो हात पुसत दुकानावरच्या घराच्या खिडकीशी आला. खाली गाडीच्या दाराशी वडील होते. पायाखाली स्टूल. त्यांनी दांडी धरली, एक पाय वर टाकला, अंग ओढलं, लटपटले, खाली आले. इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नव्हतं. धोतर सावरलं आणि पुन्हा पाय टाकला. म्हातारा चोरून सराव करत होता, पोराने पुन्हा बरोबर न्यावं म्हणून.

बुटकोबाला स्वतःची अशी लाज वाटली की खाली जायचंही धाडस झालं नाही. वडील स्टूल घेऊन आत येईपर्यंत तो पडद्याआड उभा राहिला. मग खाली उतरला आणि गाडी थेट मिस्त्रीकडे नेली.

"उतरव," तो म्हणाला.

मिस्त्रीने ठोकळे काढले, जुनी चाकं चढवली, क्रॉसही बदलला. "उंची उतरली शेठ, पण झीज कशी उतरवू? थोडा आवाज राहणार."

सकाळी फाळका पुन्हा ओट्याला टेकला. बायकोने एका हाताने काच सरकवली आणि पहिल्यांदा हसली. बुटकोबाने पुढचं दार उघडून धरलं.

"बाबा, चला."

वडील स्टूल आणायला वळले, मग गाडीकडे पाहून थांबले. हळूच बसले. वळणावर खालून टकटक झाली.

"आवाज येतोय," ते म्हणाले.

"माझ्यामुळे आला. आता जायचा नाही तो."

वडिलांनी खिडकीची काच खाली केली. "उठता-बसता माझ्याही गुडघ्यांचा येतो. म्हणून काय घरीच ठेवायचं असतं?"

बुटकोबाने रेडिओ बंद केला आणि गाडी सावकाश हाकली.