आल्याची चकती मीच दिली

बायकोला मी आलं दिलं. डॉक्टरनं नको म्हणून बजावलेलं, तरी दिलं. तिचं लिव्हर पार गेलेलं. पेज तोंडात घातली की उलटायची. मग म्हणायची, "एक चकती द्या हो." करंगळीच्या नखाएवढी चकती मिठाला लावून द्यायचो. ती चघळली की चार घास पोटात ठरायचे. शेवटचे दहा-बारा दिवस ती त्या पेजेवरच होती.

एकदा मेहुण्याला तिच्या उशाखाली चकती सापडली. विचारलंन, "भावोजी, हे कोणी दिलं?" मी म्हटलं, "तिनंच कुठून घेतली असेल." कुशीवर वळायलाही जिला माझा हात लागत होता, तिच्यावर मी ढकललं. त्याची लाज वाटते. आलं दिल्याची वाटत नाही.

ती गेल्यावर मेहुणा देवरूखपासून आमच्या वाडीपर्यंत सांगत सुटला, पथ्य मोडलंन म्हणून गेली. मी गप्प.

मुलीची मुलगी मुंबईला प्रयोगशाळेत आहे. तिथं लिव्हरच्या पेशी बशीत वाढवतात. मे महिन्यात आली तेव्हा तिला विचारलं, "बाय, आलं लिव्हरला काय करतं?"

तिनं मोबाइलवर दाखवलं. काळोखात पेशी. त्यांच्यावर आल्यातल्या तिखट अर्काचा थेंब सोडला आणि एकेक पेशी हिरवी चमकली.

"जळल्या काय गो?"

"नाही हो आजोबा. आतलं कॅल्शियम वाढलं की आम्ही घातलेला रंग चमकतो."

"कॅल्शियम हाडांचं ना?"

"तेच. पण पेशी त्याच्यावर निरोप धाडते. आत कोठी असते तिची. कोठी उघडली, कॅल्शियम पसरलं, की पेशी कामाला लागते. मग ते परत भरून ठेवते. फार वेळ पसरलेलं राहिलं तर मरते."

हे मला कळलं. आगरात पाटाचं पाणी माडाच्या आळ्यात सोडतो, भरलं की मातीनं तोंड बुजवतो. नाही बुजवलं तर मुळं कुजतात. चौथी शिकलो तरी एवढं कळतं.

"मग आजीला माझ्या आल्यानं मारलं काय?"

तिनं मोबाइल खाली ठेवला. "बशीत थेंब थेट पेशीवर पडतो. तुम्ही दिलेलं पोटातून गेलं, वाटेत त्याचं रूप बदललं. त्यात ते नखाएवढं. बाधलं असं मी नाही म्हणणार. नाही बाधलं असंही नाही म्हणणार. मला माहीत नाही, आजोबा."

"एवढी शिकलीस नि माहीत नाय?"

"नाही माहीत."

रागावलो तिच्यावर. दोन दिवस धड बोललो नाही. मग वाटलं, ह्या पोरीला माहीत नाही, तर मेहुण्याला कुठून माहीत झालं? आणि त्याला भिऊन मी बायकोला खोटी पाडली.

वर्षश्राद्धाला मेहुणा आला. पडवीत चार माणसं बसलेली. पानं वाढायच्या आधी त्यानं तेच काढलं, "बहिणीनं पथ्य मोडलंन, नायतर आज..."

"तिनं नाय मोडलं," मी म्हटलं. "आलं मी दिलं. रोज दिलं. तुला खोटं सांगितलं."

"वर तोंड करून सांगताय, भावोजी?"

"सांगतोय. तिला पेज पोटात ठेवायची होती, म्हणून दिलं. बाधलं की नाय, तुला माहीत नाय नि मलाही नाय. पण तिनं चोरून खाल्लं असं पुन्हा बोलायचं नाय. ह्या घरात नाय नि तुझ्या देवरूखातही नाय."

मेहुणा उठला, चपला घातल्यान आणि न जेवता गेला. मी त्याला थांबवलं नाही.