चंद्रावर कोणी राहायचं

अन्याय झाला तो आमच्या गावच्या मुलींच्या शाळेतल्या बाईंवर. कधी झाला तेही सांगतो, म्हणजे पुढे कोणी ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायला नको. रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला त्या वर्षी, भाऊबीज उलटल्यावर भरलेल्या आमच्या मंडईच्या जत्रेत, भर दुपारी, मोहाच्या झाडाखाली. तुमच्याआमच्या डोळ्यांदेखत. बाईंचं नाव मी लिहीत नाही. त्या अजून नोकरीत आहेत, आणि माझ्या पत्रकांत नाव आल्याने कोणाचं भलं झाल्याचं अजून ऐकिवात नाही. सावली गावापासून वैनगंगेच्या काठापर्यंत कोणालाही विचारा, नाव सांगतील.

बाईंना तुम्ही पाहिलं असेल तर त्यांच्या पदराची गाठही पाहिली असेल. पदराच्या टोकाला एक गाठ कायम बांधलेली. समोरचा माणूस वाद घालू लागला की बाई शांतपणे ऐकायच्या, ‘बरोबर हाये’ म्हणायच्या, आणि मग हात हळूच त्या गाठीवर जायचा. हात तिथे गेला की आम्ही समजायचो, आता भिंत आली.

“बाकी काही बी बदलवा,” त्या म्हणायच्या. “हे एक नाई.”

धानाची कापणी आली की मुली शाळेत येत नसत. आधीच्या मास्तरांनी अशा पोरींची नावं सरळ कापली होती. बाईंनी शाळाच खळ्यावर नेली. वेळ बदलली, सुट्टी बदलली, कडेवर धाकटा भाऊ घेऊन बसायची मुभा दिली. एकदा तर म्हशीच्या पाठीवर बसलेल्या पोरीकडून पाढे म्हणवून घेतले. पटावरून नाव मात्र एकाही पोरीचं कापू दिलं नाही. ते ‘एक’ होतं.

तर अशा बाईंच्या हाती एक इंग्रजी कादंबरी लागली. बदलून गेलेल्या एका रेंजरसाहेबाच्या बंगल्यावर तिची पानं पुड्या बांधायला निघाली होती. वरचं पान फाटलेलं, त्यामुळे नाव कळायला मार्ग नाही. साहेबाचा खानसामा एवढंच म्हणाला, की जुनं, नावाजलेलं पुस्तक आहे, गोऱ्यांची पोरं हे वाचत मोठी होतात. बाई शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचत राहिल्या आणि शनिवारी सकाळच्या शाळेत मुलींना थोडंथोडं सांगत राहिल्या. एक श्रीमंत कप्तान स्वतः बांधलेल्या यानातून चंद्रावर जातो. सोबत एक प्रोफेसर आणि एक नोकर. तिथे हवा नाही, प्रोफेसर आधीच दगावतो, सोबत नेलेली हवा संपत येते, आणि परतीच्या वाटेला पुरेल एवढी एकाचीच उरते. कप्तान ती नोकराला देतो, त्याला यानात बसवतो, आणि स्वतः चंद्रावर राहतो.

मंडईच्या दंडारीत यंदा हेच करायचं, असं ठरलं. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं उघड्यावरचं नाटक, हे काय मी तुम्हाला सांगायचं. पण चंद्र मोहाच्या झाडाखाली आणायचा म्हणजे काय कटकटी होतात, त्या सांगायला हव्यात.

प्रोफेसर पहिल्याच दिवशी गेला. चष्मा एकच होता, तोही बाईंचा. बाई म्हणाल्या, काढा त्याले, तो नुसता बोलतेच. यान कुठून आणायचं? धान साठवायची बांबूची ढोली आणली, शेण-मातीने लिंपलेली, तिला चुना फासला. मोहाच्या फांदीवरून दोर टाकला. दोर ओढला की ढोली वर जाणार, म्हणजे यान उडालं. नाच्या म्हणाला, माझा नाच कुठे आहे? चंद्रावर बाई नाही हे खरं, पण नाच नसेल तर मंडई पाहायला कोण येईल. बाई म्हणाल्या, चांदणी नाचन. झालं.

मीही एक सूचना केली. नोकराने चंद्रावर आपला झेंडा रोवावा आणि मजुरीच्या दरावर चार शब्द बोलावेत. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “पुढारी, तुमचं पत्रक तुमी खाली वाटा. वर वाचाले कोन हाये?”

हवा कशी दाखवायची, हा खरा पेच होता. हवा दिसत नाही आणि संपलेली तर त्याहून दिसत नाही. तोड बाईंनीच काढली: तुंबा. तेंदूपत्त्याला, बांबूला, मोहाला जाणाऱ्या माणसाच्या खांद्याला भोपळ्याचा वाळवलेला तुंबा असतो, पाण्याने भरलेला. रानात पाणी संपलं की काय होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही समजावं लागत नाही. आणि आमची रीतही तुम्हाला ठाऊक आहे: तुंबा ज्याच्या खांद्यावर, तो सगळ्यांना पाजतो आणि मग पितो. बाईंनी चंद्रावरची हवा तुंब्यात भरली आणि तुंबा कप्तानाच्या खांद्याला दिला. गोऱ्यांचं पुस्तक त्या दिवशी झाडीत आलं, असं मी म्हणतो.

एकाच गोष्टीला कोणी तयार होईना. चंद्रावर आवाज नसतो, म्हणून तिथे ढोलकी आणि टाळ बंद ठेवायचे, असं बाईंचं म्हणणं. ढोलकीवाला भडकला. दंडार मुकी झाली तर लोक समजतील खेळ संपला, आणि उठून भज्यांच्या दुकानाकडे जातील. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, वाजवा. आम्हाला आश्चर्य वाटलं. मग हात गाठीवर गेला. “कप्तान वर राह्यते. बाकी काही बी बदलवा. हे एक नाई.”

कप्तान झाले होते धाकले मालक, गावच्या जुन्या मालगुजाराचा मुलगा. मालगुजारी कायद्याने गेली, पण ढोली त्यांच्या घरची, दोर त्यांच्या घरचा, कलावंतांचं जेवण त्यांच्या घरचं, म्हणून कप्तानही त्यांच्याच घरचा. नोकर होता दशरथ, वैनगंगेवर डोंगा चालवणारा, आमचा जुना सोंगाड्या. तो नुसता उभा राहिला तरी लोक हसतात. तालमीत धाकल्या मालकांनी सगळं नीट केलं. “मीच आनलो तुले इथी, पयले तू जाशीन,” हे वाक्य ते इतकं चांगलं म्हणायचे, की दशरथचे डोळे ओले व्हायचे.

मंडईच्या दिवशी मोहाखाली मुंगीला जागा नव्हती. अहेरीकडच्या रानातूनही माणसं बाजाराला आली होती, तीही बसली. ढोली वर गेली, खाली आली, चांदणी नाचली, दशरथने चंद्रावर शेण शोधलं आणि लोक हसून लोळले. मग शेवटचा तुंबा उरला.

धाकल्या मालकांनी तो तोंडाला लावला. गटागटा प्यायले. दशरथला वाटलं, विसरले. तो हळूच कानाशी गेला. मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माह्याबिगर गाव पोरकं होईन. तू आमचं मीठ खाल्लं हाये. तू राह्य इथीच.” आणि ढोलीत जाऊन बसले. घरात ठरलं होतं म्हणे, की मालकाच्या पोराने भरल्या मंडईत गड्यासाठी मरणं शोभत नाही. आदल्या दिवशीच ठरलं होतं. ज्यांनी नाटक लिहिलं, त्यांना सांगायची कोणाला गरज वाटली नाही. त्यांच्या बेताप्रमाणे दशरथने आता हसतहसत निरोपाचं गाणं म्हणायचं होतं.

दशरथ खाली बसला. गाणं आलं नाही. ढोलकीवाल्याचा हात ढोलकीवरच थांबला. तालमीत बाईंना जी शांतता मिळाली नव्हती, ती आता कोणी न सांगता पसरली. भज्यांच्या दुकानाकडे कोणी गेलं नाही.

मागून रानातल्या एका म्हातारीचा आवाज आला. ती कोणावर ओरडत नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं. “तुंबा तं त्याच्या खांद्यावर होता न. मंग तो पयले काऊन पेला?”

बायकांच्या घोळक्यातून बाई उभ्या राहिल्या. हात गाठीवर. “बाकी काही बी बदलवा म्हटली होती मी,” त्या म्हणाल्या. “हे एक नाई.” आणि खाली बसल्या. बस्स, एवढंच. पुढे जो रिपोर्ट वर गेला, त्यात या दोन वाक्यांचा ‘भर सभेत बाईने घातलेला धिंगाणा’ झाला.

ढोलीतून मालक म्हणाले, ओढा बे. दोर त्यांच्याच चार सालदारांच्या हातात होता, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्यांच्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतला वयस्क गडी दोर सैल धरून म्हणाला, “अटकला मालक.” तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलं. दोर कुठेच अडकला नव्हता.

मग दशरथ उठला. रिकामा तुंबा खांद्याला लावला आणि लोकांमधून वाट काढत चंद्रावरून पायीच घरी गेला. मालक ढोलीत बसून राहिले. पुस्तकात होतं तसंच झालं, फक्त कप्तानाच्या मर्जीने झालं नाही.

महिना उलटायच्या आत बाईंची बदली झाली. अहेरीच्याही पलीकडे, जिथे शाळेतली मुलं गोंडी बोलतात. मी सह्यांचा अर्ज घेऊन मोटारस्टँडवर धावलो. बाई पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. मांडीवर दशरथचा तुंबा. तो पहाटेच देऊन गेला होता. माझा अर्ज त्यांनी वाचला, त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला.

“तिकडं बी पोरी हायेत न, पुढारी. शाळा बदलवली, बदलवू द्या.” हात गाठीवर गेला. पुढचं वाक्य मात्र त्या बोलल्या नाहीत. मोटार आली.

परवा अहेरीच्या बाजारातून आलेल्या एका बैलगाडीवाल्याने सांगितलं, की तिकडच्या पोरांना चंद्राची गोष्ट पाठ आहे. ती गोंडीत सांगतात. त्यांच्याकडे यान म्हणजे पोखरलेलं सागाचं खोड आहे, आणि नोकराऐवजी लहान बहीण आहे. कप्तान? मी विचारलं. तो म्हणाला, तो तं तिथीच राह्यते.

आता मंडई पुन्हा आली आहे. यंदाही चंद्राचीच दंडार आहे, ‘सुधारलेली’, असं हस्तपत्रकावर छापलंय. कप्तान तेच. बाईंच्या नावाचा पत्ता नाही. ढोलीला नवा चुना लागलाय, नवा दोर आणलाय, आणि ओढायला तुमच्यातलेच चार जण बोलावणार आहेत. त्या चौघांना, आणि भोवती बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माझं एकच मागणं आहे. कप्तान तुंबा पिऊन ढोलीत बसला, तर दोर ओढू नका.