असल देवापाशी, नक्कल खिशात

मोरोपंत महाराजांना न्यायला गाडी येते. न्यायला! पोचवायला येत नाही. भातकुलीत विचारा, अमरावतीत विचारा, पार गुरुकुंज मोझरीपर्यंत कोणालाही विचारा, कोणी नाही म्हणणार नाही. आणि कोणाला त्याची लाज वाटते म्हणाल, तर तेही नाही.

सत्यनारायण असो, वास्तुशांत असो की लग्न असो, सकाळपासून फोनवर फोन. "महाराज, गाडी पाठवली हो! मुहूर्त हुकला नाई पायजे!" गाडी दारात येते, ड्रायव्हर पिशवी हातातून घेतो, पुढची सीट फडक्यानं पुसून देतो. मग मंत्र होतात, आरती होते, दक्षिणा होते, पंगती उठतात, आणि महाराज पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसतात. "बस महाराज, येऊनच राहिली गाडी." कुठली येते! ती गाडी कोणाच्या मामाला स्टेशनवर सोडायला गेलेली असते, नाहीतर बर्फाच्या लाद्या आणायला. गरज सरो अन् वैद्य मरो, दुसरं काय!

एकदा मोझरीला वास्तुशांत आटोपून ते असेच बसले होते. दुपार कलली, पाहुणे पांगले. यजमानाची सून झाडू घेऊन ओट्यावर आली अन् म्हणाली, "महाराज, जरा पाय वर घेता?" त्यांनी घेतले. तिनं खालचं झाडलं, कचरा सुपलीत भरला अन् आत निघून गेली. मोरोपंत कितीतरी वेळ तसेच पाय वर घेऊन बसले होते. मग उठले, हायवेवर गेले आणि एका संत्र्याच्या ट्रकला हात केला.

घरी आल्या आल्या बायकोला म्हणाले, "रमे, मी गाडी शिकतो. चारचाकी."

"बाप्पा!" रमाबाईंच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. "साठी आली तुमची. गुडघ्यापायी स्कूटरची कीक मारवत नाई, अन् चारचाकी?"

"म्हणूनच. चारचाकीले कीक नसते."

आता यातली गंमत सांगतो. तालुक्यातली अशी नवी गाडी नसेल जिच्या टपावर महाराजांनी स्वस्तिक काढलं नाही. चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ ओवाळून फोडायचा, बॉनेटला हार घालायचा, यात उभी हयात गेली. पण त्या गाडीच्या पोटात काय आहे, हे विचाराल तर नन्नाचा पाढा. पायाखाली तीन पेडलं दिसल्यावर ते इनायतुल्लाला म्हणाले, "पाय तं दोनच आहेत, भाऊ!"

इनायतुल्ला म्हणजे गल्लीच्या तोंडावरचा गॅरेजवाला. त्यानंच त्यांना शिकवलं, स्वतःच्या जुन्या व्हॅनवर. ओरडायचा, कपाळावर हात मारून घ्यायचा, पण शिकवायचा. "महाराज, क्लच हाय तो, शाळीग्राम नाई. एवढा हळूच काहून धरून राहिले? दाबा!" कच्चं लायसन झालं. पक्क्याच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मोरोपंत नापास झाले, घरी येऊन न जेवता झोपले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा इनायतुल्लाच्या दारात उभे. दुसऱ्या खेपेला पास झाले.

पण गाडी कुठून आणायची? विकत घ्यायची ऐपत नव्हती, आणि त्याचं उत्तर होतं अमरावतीच्या चारचाकी मंडळात. दहा घरांनी मिळून म्हैस पोसावी, तसं या मंडळानं काही गाड्या पोसल्या होत्या. सभासदानं वर्गणी भरायची, दिवस आधी सांगायचा, किल्ली घ्यायची, काम झालं की गाडी जागेवर आणून लावायची. भातकुलीत सभासद बरेच, म्हणून एक गाडी इथंही उभी असायची. अट एकच. मंडळाच्या माणसासमोर गाडी चालवून दाखवायची, आणि येताना चारचाकीचं लायसन आणायचं. असल. ही चाचणी वर्षातून दोनदा, एक चैत्रात अन् एक दिवाळीनंतर.

लायसनचं नवं कार्ड टपालानं आलं ते पाडव्यानंतर. मोरोपंतांनी पाकिटावर कुंकवाचं बोट लावलं आणि ते देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पाटाखाली ठेवून दिलं. "पाडवा तर हुकला. आता अक्षय तृतीयेलाच उचलायचं," म्हणाले. जन्मभर लोकांना मुहूर्त देणारा माणूस, स्वतःची एवढी मोठी वस्तू मुहूर्ताशिवाय वापरतो होय! आणि चाचणी आली तृतीयेच्या आधीच्या रविवारी.

"कार्ड घेऊन जा," रमाबाई म्हणाल्या.

"असल देवापाशी राहू दे. झेरॉक्स आहे ना."

आता तुम्ही म्हणाल, शिकलासवरला माणूस, असं कसं करतो? अहो, धंदाच तसा! पूजेत दागिना नसला तर काय म्हणतात? अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि. वस्त्र नाही? अक्षता वाहा. गणपती नाही? सुपारी मांडा. चाळीस वर्षं ज्यानं चिमूटभर तांदळावर देवाचं भागवलं, त्याला झेरॉक्सवर मंडळाचं भागेल असं वाटलं, तर त्यात नवल ते काय! सोबतीला स्कूटरचं जुनं कार्डही घेतलं. तेवढंच वजन.

चाचणी होती अमरावतीबाहेरच्या, प्लॉट पाडलेल्या एका रिकाम्या लेआउटवर. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मंडपाखाली टेबल टाकून दामिनी वकील बसली होती, मंडळाची सेक्रेटरी. तिच्या लग्नात मंगलाष्टकं मोरोपंतांनीच म्हटलेली. ती उठून उभी राहिली, वाकून नमस्कार केला, थंड पाणी दिलं. मग कागद हातात घेतले आणि तिचा चेहरा बदलला.

"महाराज, हे तं दुचाकीचं आहे. अन् ही झेरॉक्स. असल कुठी आहे?"

"घरी. देवापाशी."

"मोबाइलमधी, सरकारी ॲपवर?"

मोरोपंतांनी खिशातून बटनांचा फोन काढून दाखवला. रांगेत कोणीतरी हसलं.

"मग नाई जमत."

"अवो बाई, मी का परका हाओ? सुपारीत गणपती येते, तं या कागदात लायसन येत नाई?"

"महाराज," दामिनी हळूच पण ठाम म्हणाली, "सुपारीचा गणपती पाटावर बसते. ही गाडी रस्त्यावर पळते. उद्या कोणाले लागलं, तं कोर्टात मी अक्षता वाहू? असल आणा. दिवस मावळेपर्यंत आमी इथंच आहो. नाई तं दिवाळीनंतर या."

मागून एकजण बोललाच, "महाराज, आज मुहूर्त पाहून नाई निघाले वाटते!" आणि मंडपभर हशा पिकला.

मोरोपंतांचा चेहरा कानापर्यंत तापला. राग आला, दामिनीचा आला, त्या हसणाऱ्याचा आला, आणि टेबलापासून मंडपाच्या कडेपर्यंत येईस्तोवर सगळा राग फिरून स्वतःवर आला. ती पोरगी काय चुकीचं बोलली? काही नाही. दिवाळीनंतर या, म्हणे. मधे अख्खा लग्नाचा हंगाम, अख्खा श्रावण, गौरी-गणपती. तेवढे ओटे. तेवढं "येऊनच राहिली गाडी." त्यांनी पिशवी खांद्याला मारली आणि रस्त्याला लागले. "दिवाळी नाई," स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, "आजच!"

बस नव्हती. ऑटो होता, पण तो सीट भरल्याशिवाय हलेना. भरला, निघाला, तर वाटेत पंक्चर. मोरोपंत उरलेली वाट उन्हात चालले, दुखरा गुडघा ओढत, उपरणं डोक्यावर घेऊन. घरात शिरले तेव्हा रमाबाई माठातलं पाणी घेऊन पुढं आल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"राहुकाळ लागला," त्या म्हणाल्या.

रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो. हे या घरात कोणाला सांगावं लागत नाही. याच मोरोपंतांनी राहुकाळ टळेपर्यंत नवरीची पाठवणी अडवून धरली होती, वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर शिव्या देत असताना. लोकांची दुकानं, लोकांच्या विहिरी, लोकांचे साखरपुडे यांनी थांबवले होते. आणि ते सोंग नव्हतं बरं! माणूस मनापासून मानणारा. म्हणून तर देव्हाऱ्यासमोर त्यांचा पाय अडला.

"सहाले संपते," रमाबाई म्हणाल्या. "पण मग निघाले तं पोचेपर्यंत दिवस मावळते, नाई?"

"हो."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतील."

"म्हणू दे." मोरोपंत खाली बसले. हात जोडले. "देवा, भलंबुरं काय व्हायचं ते मले होऊ दे, या घराले नको. पण म्या आता कोणाच्या गाडीची वाट पाहत बसणार नाई. मले माफ कर." आणि त्यांनी पाटाखाली हात घातला.

"थांबा," रमाबाई म्हणाल्या.

मोरोपंतांना वाटलं, आता ही आडवी येणार. पण त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि आल्या त्या दह्याची वाटी घेऊन. त्यांच्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवली. "राहुकाळात दही चालते का, ते मले सांगू नका. खा अन् निघा."

इनायतुल्ला गॅरेजचं शटर ओढत होता. सगळं ऐकून त्यानं फक्त व्हॅनची किल्ली काढली. मोरोपंत सवयीनं डाव्या बाजूच्या दाराकडे गेले.

"उधर कहाँ चले, महाराज? कार्ड हाय ना खिशात?"

"आहे."

"मग स्टेअरिंगवर बसा. लायसनवाला शेजारी बसून जाईन, तं मी काय तुमचा ड्रायव्हर हाओ?"

भातकुली ते अमरावती हा रस्ता मोरोपंत हजारदा गेले असतील, पण तो कधी त्यांनी पाहिला नव्हता. आज प्रत्येक खड्डा दिसला, प्रत्येक शेळी दिसली. एका वळणावर समोरून कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर आला, अर्धा रस्ता खाऊन. इनायतुल्लानं दाराचा दांडा धरला आणि "या अल्लाह" म्हटलं. मोरोपंतांना एकही मंत्र आठवला नाही. त्यांनी क्लच दाबला, गिअर खाली घेतला, गाडी कडेला घातली आणि ट्रॅक्टर गेल्यावर पुन्हा रस्त्यावर काढली.

"शाब्बास," इनायतुल्ला म्हणाला. हा माणूस गेल्या सहा महिन्यांत त्यांना एकदाही शाब्बास म्हणाला नव्हता.

मंडपाचे बांबू सोडायला सुरुवात झाली होती. दामिनी वकील फाइल पिशवीत कोंबत होती. मोरोपंतांनी पाकीट टेबलावर ठेवलं. तिनं कार्ड काढलं, उलटून पाहिलं, नंबर मोबाइलमध्ये टाकून तपासला. ओळखीपाळखीचा कसलाच भाव नाही. मग मान वर केली. "आता बसा गाडीत."

गाडी मागं घेताना एकदा बंद पडली. मोरोपंतांनी घाम पुसला, पुन्हा चालू केली. दोन पिंपांच्या मधून ती उलटी नेली, चढावर थांबवून पुन्हा उचलली, आणि जिथून निघाले तिथंच आणून लावली. हँडब्रेक ओढला. मग सगळं अंग एकदम सैल पडलं आणि त्यांना रडूच आलं. ते लपवलंही नाही त्यांनी. दामिनी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "झालं, महाराज. भातकुलीच्या गाडीवर तुमचंही नाव लिहिलं. सांगून न्या, धुऊन आणा."

वैशाखात शेषराव देशमुखांकडे वास्तुशांत होती, मोझरीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावात. शेषरावांचा फोन आला, "महाराज, गाडी पाठवतो!"

"नका पाठवू. येतो मी."

आले. गाडी सावलीत लावली. होम झाला, आरती झाली, दक्षिणा झाली. पंगतीची गडबड सुरू झाली आणि नेहमीसारखं सगळं घर महाराजांना विसरून गेलं. मोरोपंतांनी पळी-पंचपात्र पुसून पिशवीत भरलं, कोणाला काही न विचारता अंगण ओलांडलं आणि गाडीत जाऊन बसले. इंजिन सुरू झाल्याचा आवाज ऐकून शेषराव अनवाणी धावत बाहेर आले. हातात वाढपाची बादली तशीच.

"महाराज! असं कसं? न जेवता कुठी चालले? पान मांडलं तुमचं, पहिल्या पंगतीत! बसा ना घडीभर!"

मोरोपंतांचा हात गिअरवर थांबला. पोटात भूक होती, पुरणाचा वास थेट गाडीपर्यंत येत होता. इतक्या वर्षांत इतकी घरं झाली, पण निघालेल्या महाराजांना थांबवायला कोणी असं धावत आलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं, आणि लगेच मनातून तिडीकही उठली.

"बसलो ना, शेषराव," ते म्हणाले. "लय बसलो. आता घरी जातो."

आणि त्यांनी गाडी रस्त्यावर काढली.